चार वादक बोलवायचेत? आधी रिहर्सलचे पैसे बाजूला काढा

वाचकांचे प्रश्न (यावेळी तिन्ही प्रश्न वाद्यांचे)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला, वय 63. हायस्कूलात गणित शिकवलं, आता रिटायर आहे. लहानपणापासून भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि लॉकडाऊनमधे स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलो, ते डोक्यात असं बसलं की तीन वर्षं खपून दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुरांचं) आणि एक चेलो (त्याहून मोठं, बसून उभं धरायचं) यांच्यासाठी चौदा मिनिटांचा क्वार्टेट लिहिलाय. तीन भाग आहेत, पहिल्यात आमच्या नमन-खेळ्यांतल्या मृदंगाची चाल चेलोवर घेतलीय, दुसरा भैरवात संथ, तिसरा शिमग्याच्या पालखीचा. सगळा काळी एकमधे, कारण आमचं मंडळ तिथेच गातं. कॉम्प्युटरवर छान वाजतं. मुलगा म्हणतो बाबा तेच यूट्यूबला टाका, उगाच पैसे कशाला घालवताय. पण मला खरे चार वादक बोलावून आमच्या वाड्यातल्या माजघरात ते रेकॉर्ड करायचंय. असे वादक कुठे मिळतील, एका दिवसात होईल का, रेकॉर्डिंगचा हक्क कोणाचा राहील आणि ही मोठी व्यावसायिक माणसं माझ्यासारख्या हौशी माणसाचं वाजवतील का, की मनातल्या मनात हसतील?

उत्तर : काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्र वाचताना तुमचा जीव तिथेच अडकलाय असं जाणवलं. नाही हसणार. वादकाला राग येतो तो हौशी माणसाचा नाही, वाईट तयार केलेल्या कागदाचा. पार्ट, म्हणजे त्या वादकापुरता लिहिलेला कागद, स्वच्छ असेल, वेळेवर मिळाला असेल, पैसे आधी ठरलेले असतील तर समोरचा गणिताचा मास्तर आहे की नावाजलेला संगीतकार याने त्यांना काही फरक पडत नाही. आणि हौशी म्हणून मान खाली घालू नका हो. बोरोदिन पेशाने केमिस्ट्रीचा प्रोफेसर होता, संगीत सुट्टीत आणि आजारपणात लिहायचा, आणि त्याचा 1881 चा दुसरा क्वार्टेट आज जगभर वाजतो. अमेरिकेतला चार्ल्स आइव्ह्ज इन्शुरन्सचा धंदा करायचा आणि पदरचे पैसे मोजून थिएटरात वाजवणारे वादक बोलवायचा, आपण लिहिलेलं कानाला कसं लागतं ते बघायला. म्हणजे तुम्ही जे करू बघताय ते जुनंच आहे.

मुलगा म्हणतो त्यावर एवढंच सांगते की कॉम्प्युटर कधी तक्रार करत नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार जी ची, त्याच्याखाली सूर नाहीच. पण तुम्ही त्याच्या लगेच खालचा एफ शार्प लिहिलात तरी बरीच सॉफ्टवेअरं तो वाजवून दाखवतात, फारतर नोटेला लाल रंग देतात. दोन सूर एकदम लिहिलेत आणि दोन्ही एकाच तारेवरचे असतील तर माणसाला ते अशक्य, कॉम्प्युटरला काहीच नाही. गज कुठे उलटायचा, श्वास कुठे घ्यायचा, जोरात वाजवणाऱ्या दोघांखाली व्हिओला बुडतोय का, यातलं स्पीकरवर काहीच कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात "एका दिवसात होईल का" असं आहे आणि रिहर्सल हा शब्द एकदाही नाही. काका, रेकॉर्डिंगच्या दिवशी तुमची रचना तुम्ही पहिल्यांदा ऐकायची नसते. मी 2009 मधे मुंबईत माझं पहिलं ट्रायो (तीन वाद्यांची रचना) असंच केलं. तीन तासांची एक शिफ्ट, स्टुडिओ बुक, वादक एका म्युझिशियन कोऑर्डिनेटरने आणलेले, सगळे उत्तम. रिहर्सल नको, हे लोक बघून वाजवतात, असं त्याने मला सांगितलं आणि मी मान डोलावली. ते खरंच बघून वाजवतात हो, सिनेमाच्या रेकॉर्डिंगवाल्यांचं साइट रीडिंग अफाट असतं. पण सिनेमात मागे ट्रॅक असतो, कानात क्लिक (लय मोजणारी टिकटिक) असतो, अरेंजर समोर उभा असतो आणि वाजवायचे असतात आठ-बारा बार, म्हणजे मात्रांचे कप्पे. चेंबर म्युझिकमधे, म्हणजे मोजक्या वादकांच्या अशा संगीतात, कंडक्टर नसतो, एकमेकांचा श्वास ऐकून वाजवावं लागतं, तो श्वास पहिल्या वाचनात कुठून येणार? त्यात मी व्हिओलाचा पार्ट ट्रेबल क्लेफमधे छापलेला, आणि व्हिओला वाचतो आल्टो क्लेफ (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण). बाकीचे दोघं वाट बघत बसले आणि मी पेनने पार्ट नवा लिहीत होते, मीटर चालूच. दुसरा भाग रेकॉर्ड झालाच नाही, तो आजपर्यंत झालेला नाहीये. निघताना चेलोवाले काका, सत्तरीचे होते, मला म्हणाले, पोरी, पुढच्या वेळी आधी माझ्या घरी ये, तुझी वही घेऊन, एकट्याने बसून बघू. मी गेले. त्या एका संध्याकाळी मला जे कळलं ते तीन वर्षांच्या पुस्तकांत कळलं नव्हतं, आणि त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही, पण मी पुढच्या कामात त्यांच्या त्या वेळेचे पैसे धरले आणि तुम्हीही धरा.

म्हणून चार माणसं शोधू नका, आधी एक शोधा. शक्यतो पहिलं व्हायोलिन वाजवणारा किंवा चेलो वाजवणारी. त्या एका माणसाला फी देऊन स्कोअर (चौघांचं एकाखाली एक लिहिलेलं अख्खं नोटेशन) दाखवा, एक बैठक फक्त "यात काय वाजणार नाही" एवढ्याचसाठी. बाकीचे तिघं तोच आणेल, ज्यांच्याबरोबर तो नेहमी वाजवतो असे, आणि ते फार महत्त्वाचं आहे. एकमेकांना ओळखणारे चार मध्यम वादक हे अनोळखी चार हुशार वादकांपेक्षा क्वार्टेटमधे बरे, हे माझं ठाम मत आहे.

कुठे शोधायचं? तुमच्या उत्तरेला मुंबई, तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे आणि त्याच्या आजूबाजूला वाजवणारी, शिकवणारी बरीच मंडळी आहेत. दक्षिणेला गोवा, आणि मी तुमच्या जागी असते तर तिकडे आधी बघितलं असतं. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांमधे मुलांना सोल्फा (डो-रे-मी) आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात कितीतरी स्टाफ नोटेशनवाले आले ते तिथूनच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1958 मधे त्यांनी मुंबईत मोठा ऑर्केस्ट्रा उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणला. तुमचा भैरव तिकडे कोणाला परका वाटणार नाही. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे जाऊन विचारा. चिपळूणला मांडवी एक्सप्रेस पकडली की मडगाव, तुम्हालाच जायचंय, त्यांना यायचं नाहीये, निदान रिहर्सलला तरी.

तारखेचं मात्र बघा. डिसेंबर-जानेवारीत गोव्याच्या वादकाला फोनच करू नका, नाताळ, लग्नं, चर्चची फीस्ट, त्यांचा तो कमाईचा हंगाम. लेंट लागला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस, की तिकडे लग्नं जवळजवळ थांबतात आणि माणसं मोकळी असतात. फक्त शेवटचा आठवडा सोडा, तेव्हा चर्चच्या क्वायरमधे ती पूर्ण अडकलेली असतात. आता गंमत बघा, लेंट लागतो फेब्रुवारी-मार्चमधे आणि आपला शिमगाही तेव्हाच. रिहर्सल तिकडे असेल तर काही बिघडत नाही, पण वाड्यात रेकॉर्डिंग ठेवलंत आणि त्याच दिवशी पालखी दारात आली तर ढोल मायक्रोफोनमधे येणारच, आणि पालखीला थांबा कोण म्हणणार, म्हणूही नये.

वाड्याचं सांगते. चेंबर म्हणजे खोलीच, तेव्हा माजघरात वाजवायची तुमची इच्छा रास्त आहे, आणि चिऱ्याच्या भिंती, वर लाकडी माळा असं असेल तर आवाज सुरेखही लागेल. तरी पहिलं रेकॉर्डिंग तिथे करू नका असं मी म्हणेन. चार माणसांचा जायचा-यायचा एकेक दिवस, राहणं, जेवण, त्यांचा बुडलेला दुसरा कार्यक्रम, यात तुमच्या दोन रिहर्सलींचे पैसे संपतात. गोव्यात किंवा मुंबईत त्यांच्या रोजच्या एखाद्या हॉलमधे किंवा लहान चर्चमधे परवानगी काढून रेकॉर्ड करा, आणि मग तेच चौघं वाड्यात एका संध्याकाळी गावासाठी वाजवतील असं ठरवा, तेव्हा कोंबडा आरवला तरी चालतंय.

तरीही वाड्यातच करायचं असेल तर पावसाळा सोडा. नुसता कौलांवरचा पाऊस नाही, दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, तारांचे सूर हलतात, जुन्या व्हायोलिनचा सरसाने चिकटवलेला सांधाही सुटतो आणि त्याचा खर्च त्या वादकाच्या खिशाला. रात्र नको, रातकिड्यांचा आवाज नंतर काढता काढता व्हायोलिनचाही वरचा आवाज जातो. सकाळी साडेआठ ते साडेअकरा बरं. पंखा बंद, फ्रीज बंद, लाइट जाणार हे धरून रेकॉर्डिंगची मशीन बॅटरीवर चालणारी. आणि खुर्च्या! मांडवातल्या त्या हाताच्या प्लास्टिक खुर्च्या आणू नका, हातामुळे गज अडतो आणि चेलोवाल्याला बसताच येत नाही, बिनहाताच्या चार सारख्या खुर्च्या शेजारून मागून आणा. चेलोला खाली टोकदार दांडा असतो, शहाबादी फरशीवर तो घसरतो आणि सारवलेल्या जमिनीत खड्डा पाडतो, त्याच्याखाली लाकडी फळी द्या आणि ती दोरीने खुर्चीच्या पायाला बांधा. पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे.

आता तुमच्या वहीकडे येऊ, कारण माझ्या मते खरं काम तिथे बाकी आहे.

काळी एक सोडा. गाणाऱ्याला ती सोयीची, पण तारेच्या वाद्यांना नाही. षड्ज सी शार्पवर आला की भैरवाचा शुद्ध गंधार ई शार्प आणि निषाद बी शार्प होतो, वाचणारा प्रत्येक बारला अडखळेल, आणि सा-म-प साठी एकही मोकळी तार मिळणार नाही. सगळं अर्धा सूर चढवून पांढरी दोनला, म्हणजे डी वर न्या. व्हायोलिन, व्हिओला, चेलो तिघांतही डी, ए आणि जी या मोकळ्या तारा आहेत, म्हणजे सा, प आणि म आपोआप घुमतात, अख्खं वाद्य उघडतं. म्युझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे एका मिनिटाचं काम आहे. तुमचा पहिला भाग एवढ्यानेच बदलेल, बघा करून.

भैरवातला आंदोलित रे कसा लिहिलाय ते पत्रात नाही, पण नुसती ई फ्लॅट लांब लिहिली असेल तर वाजवणारा त्यावर सवयीने व्हायब्रॅटो (सुराची भरभर थरथर) देईल, आणि व्हायब्रॅटो म्हणजे आंदोलन नव्हे. आंदोलन संथ असतं, त्याला वरच्या सुराचा स्पर्श असतो. पार्टमधे तिथे "व्हायब्रॅटो नको" असं लिहा, हळू लाटेची रेघ काढा, आणि मुख्य म्हणजे स्वतः गाऊन मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. मींडेला दोन सुरांमधे रेघ देता ना, तेवढं पुरत नाही, कोणत्या तारेवर आणि सूर धरून किती मात्रांनी घसरायला सुरुवात करायची तेही लिहा, नाहीतर चौघं चार वेळेला घसरतील. कण सुराला छोटी ग्रेस नोट चालते.

पार्ट म्हणजे प्रत्येकाचा वेगळा कागद, अख्खा स्कोअर चौघांच्या पुढ्यात ठेवू नका. पान उलटायच्या जागी त्या वादकाला दोन-तीन बारची विश्रांती हवी, दोन्ही हात कामात असतात हो. प्रत्येक ओळीला बार नंबर, लांब विश्रांतीनंतर आत यायचं असेल तर आधी दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक टाइपात क्यू म्हणून. नमनाची चाल चेलोवर बोटांनी छेडून घेतली असणार तुम्ही, तिथे बोटाकडून गजाकडे यायला निदान एक मात्रा मोकळी ठेवा. निदान तीन आठवडे आधी पीडीएफ पाठवा आणि बैठकीला छापील प्रत स्वतः घेऊन जा.

मग दोन रिहर्सल, तीन-तीन तासांच्या, मधे आठवडाभर तरी अंतर. पहिलीत ते वाजवतील आणि तुम्ही ऐकाल, मोबाइल चालू ठेवा, घरी येऊन दुरुस्त करा. दुसरीत दुरुस्त केलेलं. त्यानंतर रेकॉर्डिंगच्या दोन शिफ्ट. तीन तासांत ट्यूनिंग, चहा, मायक्रोफोन लावणं धरून सहा-सात मिनिटांचं संगीत मनासारखं होतं, असा माझा अनुभव आहे. म्हणजे चार माणसं गुणिले चार बैठका, सोळा बैठकांचा हिशोब, अधिक रेकॉर्डिस्ट, हॉल, प्रवास. तुम्ही गणिताचे, तुम्हाला आकडा लगेच दिसेल आणि कदाचित छातीत धस्स होईल. तसं असेल तर रिहर्सल कापू नका, संगीत कापा. फक्त दुसरा भाग करा. पाच मिनिटं नीट झालेली चौदा मिनिटांच्या धावपळीपेक्षा कितीतरी बरी, आणि तोच पाच मिनिटांचा तुकडा ऐकून पुढच्या वर्षी तेच चौघं उरलेलं वाजवायला येतील.

दर विचारा आणि घासाघीस करू नका. तीन तासांचे किती, वर वेळ गेला तर तासाला किती, प्रवास-जेवण वेगळं का, एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. अर्धे आधी, अर्धे त्याच दिवशी निघायच्या आत. "तुमचं नाव होईल" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, ते त्यांनी आयुष्यभर ऐकलंय.

रेकॉर्डिस्ट शोधताना एकच विचारा, चौघांना एकत्र बसवून समोर दोन मायक्रोफोनची एक स्टिरिओ जोडी लावून घेणार का. एकेकाला वेगळं बसवून क्लिकवर घेऊ म्हणाला तर दुसरा बघा. त्या दिवशी तुमचं काम म्हणजे स्कोअर मांडीवर घेऊन प्रत्येक टेकचा नंबर आणि कुठल्या बारला काय चुकलं ते लिहिणं. प्रत्येक टेकनंतर बोलू नका, आधी पूर्ण भाग दोनदा वाजू दे, मग तुकडे दुरुस्त करा. सुचवायचं ते पहिल्या व्हायोलिनला सुचवा, तो बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगेल. शेवटी अर्धा मिनिट रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून घ्या, जोड देताना ती लागते.

हक्काचं थोडक्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने रचना लिहिल्या क्षणापासून तुमची, नोंदणी सक्तीची नाही, तुमच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं. पण वादकांनाही त्यांच्या वादनावर हक्क असतो, 50 वर्षांचा, आणि त्यांच्या संमतीशिवाय ते वापरता येत नाही. तेव्हा एका पानावर साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहा, कुठे कुठे टाकणार, पुढे पैसे मिळाले तर काय, नावं कशी देणार, आणि चौघांच्या सह्या रेकॉर्डिंगच्या आधी घ्या. नावं प्रत्येक ठिकाणी द्यायची काका, रेकॉर्डिस्टचंही.

प्रश्न : ताई, मी कुडाळला बीएला आहे. पेटी आणि चेलो असं दोघांचंच छोटं लिहिलंय, पेटी मी वाजवणार, चेलोवाली पणजीहून येणार आहे. पेटीबरोबर चेलो बेसूर वाटेल का?

उत्तर : वाटू शकेल, पण दोष तिचा नसेल. तिचा ट्यूनर ए हा सूर बरोबर 440 हर्ट्झवर लावलेला असतो आणि आपल्या कितीतरी पेट्या त्याच्या थोड्या वर असतात. आजच मोबाइलवरच्या ट्यूनरने तुझ्या पेटीचा ए बघ आणि आकडा तिला कळव, ती तारा तुझ्याप्रमाणे लावून घेईल, पेटी काही हलणार नाही. सगळे स्वर तपास, एखादा सूर उतरला असेल तर पेटी दुरुस्तीवाल्याकडे आधीच दे, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नको. आणि चेलो लांब सूर धरून असेल तेव्हा तोच सूर पेटीवर सतत दाबून ठेवू नकोस, चेलोचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली जायला बघतो आणि दोघं एकमेकांना खातात. तिथे पेटी सोडून दे, तिला एकटीला गाऊ दे. भात्याचा आवाज मायक्रोफोनमधे येतो, मायक्रोफोन भात्याच्या बाजूने नको.

प्रश्न : मालवणला आमच्या ओळखीचे एक व्हायोलिनवादक आहेत, नाटकाला साथ करतात, फार गोड हात. क्वार्टेटमधलं दुसरं व्हायोलिन त्यांना दिलं आणि बाकी तिघं गोव्याचे आणले तर खर्च वाचेल का?

उत्तर : खर्च वाचेल, पण त्यांच्यावर अन्याय होईल. ते बहुतेक खाली बसून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून वाजवत असणार, तारा सा-प-सा-प अशा काहीतरी लावलेल्या असणार आणि स्टाफ नोटेशन वाचत नसणार. दुसऱ्या व्हायोलिनचं काम असतं दुसऱ्याच्या सुराखाली मोजून भरणं, त्यात त्यांचा गोड हात दिसणारच नाही. त्यांच्यासाठी वेगळा भाग लिहा. तिघांनी खाली संथ सूर धरायचे, बार मोजलेले, आणि वर यांनी आठ-दहा बार मोकळा आलाप करायचा, कुठे संपवायचं त्याची एक ठरलेली जागा, म्हणजे शेवटी पंचमावर थांबले की तिघं पुढे निघाले. वाद्य मात्र तिघांच्या 440 ला जुळेल अशा पट्टीत लावायला आधी सांगा, आणि रिहर्सलला सगळ्यांना खालीच बसता येतं का ते चेलोवाल्याला विचारायच्या भानगडीत पडू नका, त्याला खुर्ची द्या आणि यांना तेवढ्याच उंचीचा पाट-चौरंग, म्हणजे चौघांची नजर एका पातळीत येईल.